मार कमी, कब्जा जास्त: हातापायांनी लढणाऱ्याचा क्लास कसा घडवावा

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे, तो थोडक्यात असा. सत्तरीच्या रानावरून बेतलेल्या काल्पनिक राज्यात कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी गोष्ट, चालू आहे. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे. एका खेळाडूला शस्त्राविना लढणारं पात्र हवंय. पुस्तकातला मंक (हातापायांनी लढणारा मठवासी) दिला, तर तो म्हादई नदीच्या काठी परका वाटला आणि पुढेपुढे फायटरच्या, म्हणजे शस्त्रधारी योद्ध्याच्या, मागे पडत गेला. मग गेम मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, स्वतःच एक क्लास (पात्राचा प्रकार आणि त्याचे नियम) लिहिला, तर त्यात भलेभले राक्षस जागच्या जागी बधिर होऊन उभे राहू लागले आणि बाकीचे खेळाडू मोबाइल काढून बसले. आता काय करायचं?

आधी आकडे पाहू, कारण ‘मंक कमजोर’ ही तक्रार निम्मीच खरी आहे. पाचव्या लेव्हलला मंकची डेक्स्टेरिटी, म्हणजे चपळाई, १८ धरा. दोन्ही हातांनी धरलेल्या काठीला आठ बाजूंचा फासा, त्याची सरासरी ४.५, वर १८ च्या गुणाचे ४, म्हणजे फटक्याला ८.५ मार. असे दोन फटके आणि बोनस अॅक्शनचा (पाळीतल्या जादा छोट्या कृतीचा) एक ठोसा ७.५ चा. सगळं लागलं तर २४.५. त्याच लेव्हलचा, १८ स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) फायटर मोठ्या तलवारीने ११ आणि ११ मिळून २२ काढतो. म्हणजे इथे मंक एकही ‘की’ पॉइंट (मंकच्या खास शक्तींसाठी खर्चायचा मोजका साठा) न खर्चता पुढे आहे. अकराव्या लेव्हलला पारडं फिरतं. दोघांचा मुख्य गुण २० धरला तर फायटरचे तीन वार ३६ होतात, मंकचे तीन २८.५ वर थांबतात. ‘की’ खर्चून चौथा मारला, तरच ३८. शिवाय तोवर फायटरला कुठल्यातरी भुयारात जादूची तलवार सापडलेली असते आणि ती मंकच्या मुठीला काही बसत नाही.

एवढाच प्रश्न असता तर फासा मोठा करून भागलं असतं. २०२४ च्या नव्या पुस्तकात ते केलंही आहे: मंकच्या हाताचा फासा आधी चार बाजूंपासून दहापर्यंत जायचा, आता सहापासून बारापर्यंत जातो. पण तुमचा खेळाडू कंटाळला तो आकड्यांना नाही. त्याच्या पाळीला ठरवण्यासारखं काही उरत नाही, हे खरं दुखणं आहे. दोन फटके, एक ठोसा, ‘की’ आहेत का, असतील तर बधिर करून बघू. पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

हा क्लास पन्नास वर्षं असाच चाचपडत आला आहे. १९७५ च्या ब्लॅकमूर पुरवणीत तो पहिल्यांदा आला. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये त्याच्यासाठी स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी आणि विजडम (शहाणपण) तिन्ही किमान १५ लागत, आणि एवढं करून जिवाचा फासा, म्हणजे किती मार सोसेल ते ठरवणारा, मात्र चारच बाजूंचा. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत मूळ पुस्तकातून तो काढूनच टाकला. २००० मध्ये परत आला तेव्हा त्याच्या अंगात एक गमतीशीर भांडण होतं. नवव्या लेव्हलला त्याचा वेग तीस फुटांनी वाढलेला असे, माणूस एका हालचालीत साठ फूट जाई. पण फटक्यांची सरबत्ती करायची तर जवळजवळ जागेवर उभं राहून अख्खी पाळी खर्चावी लागे. धावलात तर एकच ठोसा. दोन शक्ती दिल्या आणि एक वापरली की दुसरी बंद. घरी क्लास लिहिणारे आजही हीच गफलत सर्रास करतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

क्लास लिहायला बसण्याआधी मी एकच गोष्ट ठरवतो: पाळी आल्यावर खेळाडूने स्वतःला कोणता प्रश्न विचारायचा? रोग (Rogue), म्हणजे चोरपावलांनी लढणारा, त्याचा प्रश्न असतो, ‘कोण बेसावध आहे?’ विझर्डचा, ‘आत्ता कोणता मंत्र वाया जाणार नाही?’ २०१४ च्या मंकचा प्रश्न प्रीपेड बॅलन्ससारखा आहे: ‘‘की’ किती उरले?’ त्यात समोरचा शत्रू कुठेच नाही. गॉब्लिन असो की दगडी राक्षस, हिशेब तोच. आणि हातापायांच्या लढाईत तर समोरचा माणूस हेच सर्वस्व असतं. तो कुठल्या पायावर भार देतोय, त्याची मान कुठे आहे, दम लागलाय का, हे पाहिल्याशिवाय पुढचा हात टाकता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की शाओलिन विसरा आणि कुस्तीकडे या. एकतर ती आपली आहे. तालीम, वस्ताद, लाल मातीचा हौद, जोर-बैठका हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. देवळाच्या आवारात आखाडा ठेवला की तुमच्या राज्यात पात्राला घर मिळालं. सत्तरीच्या दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड करून १८५२ मध्ये नाणूसचा किल्ला घेतला, तो काही मठात ध्यान करून आलेल्यांच्या बळावर घेतला नव्हता. रानाच्या वाटा आणि माणसं माहीत असलेले लढवय्ये तिथे होते. तुमच्या राज्यातल्या पात्राला तसा भूतकाळ द्या. दुसरं आणि खेळाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं म्हणजे कुस्तीला आयती चढण आहे. आधी खडाखडी, म्हणजे हात लावून अंदाज घेणं. मग कब्जा. मग निकालाचा डाव. प्रत्येक पायरीवर समोरच्याला सुटायची संधी, आणि प्रत्येक डावाला तोड.

हीच चढण क्लासचं यंत्र करा. क्लासला ‘मल्ल’ म्हणू. ‘की’ नाहीत, पॉइंट नाहीत. शत्रूच्या मिनिएचरशेजारी एक नाणं ठेवायचं, बस.

मल्लाचा पहिला फटका लागला की त्या शत्रूवर ‘अंदाज’ बसतो: नाणं ठेवा, आणि गेम मास्टरने त्या शत्रूबद्दल एक खरी गोष्ट सांगावी, त्याचा आर्मर क्लास (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) किंवा त्याचा सगळ्यात कच्चा सेव्ह (परिणाम टाळण्यासाठी टाकायचा फासा). अंदाज असलेल्या शत्रूला पुन्हा फटका लागला तर ‘कब्जा’: नाणं उलटं करा. आता मल्ल जवळ असेतो त्याला हलता येत नाही आणि मल्लाला सोडून दुसऱ्यावर वार केला तर डिसअॅडव्हांटेज (दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा). कब्ज्यातल्या शत्रूला तिसरा फटका लागला तर मल्लाने ठरवायचं: नुसता मार द्यायचा आणि कब्जा राखायचा, की डाव टाकायचा. डाव टाकला की कब्जा सुटतो, नाणं उचललं जातं, पुन्हा पहिल्यापासून. राखायचं की टाकायचं, हा त्याचा प्रत्येक पाळीचा प्रश्न झाला.

थर्टीन्थ एज नावाच्या खेळात मंकचे हल्ले सुरुवात, प्रवाह, शेवट अशा क्रमाने जातात, त्याच्याशी हे नातं सांगतं. फरक असा की तिथे क्रम मंकच्या अंगात असतो. इथे तो शत्रूच्या अंगावर आहे. शत्रू मेला, उडून गेला, मित्राने ढकलून दिला, की केलेली मेहनत पाण्यात. त्यामुळे मल्ल बाकीच्यांशी बोलू लागतो. ‘त्याला हात लावू नको, माझ्या कब्ज्यात आहे,’ हे वाक्य टेबलावर आपोआप ऐकू येतं, आणि मोबाइल खिशात जातात.

पण एक व्यवहार सांभाळा. बहुतेक लढाया तीन-चार राउंडमध्ये आटोपतात. पहिल्या लेव्हलला पाळीला एकच हल्ला असतो; तीन फटक्यांची चढण आणि मधे एखादा हुकला, तर डाव टाकायच्या आत लढाई संपलेली. म्हणून पहिल्या लेव्हललाच बोनस अॅक्शनने ‘सलामी’ द्या: तीस फुटांतल्या एका शत्रूकडे बघून शड्डू ठोकायचा, अंदाज फुकट बसतो. मात्र एका वेळी एकच नाणं. पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला आला की सलामी, कब्जा आणि डाव एका पाळीत बसू शकतात; तिथे क्लास खऱ्या अर्थाने उमलतो. नवव्याला दुसरं नाणं द्या. विसाव्या लेव्हलपर्यंतचा तक्ता आत्ता लिहू नका. पाचव्यापर्यंत लिहा, खेळा, मग पुढचं.

डावही पाच-सहा पुरे, खेळाडूला पाठ राहतील एवढे. पट काढला तर शत्रू खाली, मार नाही. ढाक मारली तर दहा फूट फेकला जाईल; ज्याच्यावर पडला त्यालाही मार. (गॉब्लिनांच्या झुंडीत मल्ल लंगडा पडतो, त्यावरचा हा उतारा आहे.) धोबीपछाड म्हणजे खालीही आणि जादा फाशाचा मारही. कलाजंग म्हणजे खांद्यावर उचलून जागा बदलणं, कड्याच्या टोकावर याची मजा वेगळीच. घिस्सा फक्त आधीच खाली पडलेल्यावर चालतो आणि तो एकच डाव असा ठेवा की ज्यात कब्जा सुटत नाही.

तो एकच का, ते सांगतो. पाचव्या आवृत्तीत खाली पडलेल्याला उठायला निम्मी हालचाल खर्चावी लागते. कब्ज्याने हालचाल शून्य झालेली असेल, तर त्याला उठताच येत नाही. प्रत्येक डावात कब्जा टिकला असता, तर दुसऱ्या पाळीपासून शत्रू जमिनीला खिळला असता आणि तुमच्या जुन्या क्लाससारखीच गत झाली असती. पाडायचं तर सोडावं लागतं, या अटीवर सगळा तोल उभा आहे.

आता पाडण्याची किंमत किती, तेही मोजता येतं. वीस बाजूंच्या फाशात ७ मिळवून १५ आर्मर क्लासवर वार करणाऱ्याला ६५ टक्के संधी असते. शत्रू पडलेला असेल तर जवळच्याला अॅडव्हांटेज (दोन फाशांतला मोठा आकडा), संधी जवळजवळ ८८ टक्के. २२ चा मार असलेल्या फायटरला यातून पाळीला सरासरी ५ जादा मिळतात. जवळून लढणारे दोन मित्र असले तर १०. पण लांबून बाण मारणाऱ्याला पडलेल्या शत्रूवर डिसअॅडव्हांटेज. त्याची संधी ६५ वरून ४२ वर येते. शिवाय तुमच्या नंतर लगेच शत्रूचीच पाळी असली, तर तो उठून मोकळा आणि कुणालाच काही लाभ नाही. म्हणजे एकच डाव एका टेबलावर हिरा, दुसऱ्यावर गारगोटी. यावर उपाय शोधू नका, हीच तर खेळाडूला विचार करायला लावणारी जागा आहे. मी फक्त इतकंच बघतो की मल्लाचा स्वतःचा मार फायटरच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास राहावा. पाचव्या लेव्हलला दोन ठोसे ७.५ चे, म्हणजे १५. उरलेलं त्याने मित्रांच्या हातून वसूल करावं.

बधिर करण्याबद्दल माझं मत कडक आहे: मल्लाला ते देऊच नका. एकट्या मोठ्या राक्षसाची पाळी गेली म्हणजे अख्ख्या लढाईतली शत्रूची तिसरा-चौथा हिस्सा ताकद एका फाशावर गेली. २०१४ च्या मंकला एका पाळीत जितके फटके लागतील तितक्या वेळा प्रयत्न करता येई. प्रत्येकी एक ‘की’, कधीतरी सेव्ह चुकणारच. २०२४ मध्ये पाळीला एकदाच अशी मर्यादा आली, आणि सेव्ह झाला तरी शत्रूचा वेग निम्मा होतो, म्हणजे खेळाडूही रिकाम्या हाताने परत जात नाही. हे धोरण शहाणपणाचं आहे. मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की पाळी काढून घेऊ नका, पाळीतली एक वस्तू काढून घ्या. रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत द्यायचं झटपट उत्तर), किंवा हालचाल, किंवा अनेक हल्ल्यांतला एक. राक्षस खेळात राहतो, गेम मास्टरलाही काही करायला उरतं.

उघड्या अंगाने हा माणूस जगतो कसा? पुस्तकातल्या मंकचा आर्मर क्लास १० अधिक डेक्स्टेरिटी अधिक विजडम, वर हिट पॉइंटसाठी कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) हवंच. तीन गुण चांगले लागतात आणि तिन्ही क्वचितच मिळतात. मल्लाला दोनच ठेवा. हल्ल्याला स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी, जे आवडेल ते. बचावाला तेच अधिक कॉन्स्टिट्यूशन. जिवाचा फासा दहा बाजूंचा. आणि रिअॅक्शन म्हणून ‘तोड’: ज्याच्यावर नाणं आहे त्याने मल्लावर वार केला, तर आर्मर क्लासमध्ये सहा बाजूंचा फासा मिळवायचा; त्यामुळे वार हुकला तर नाणं एक पायरी वर चढतं. शत्रूच्या पाळीतही मल्ल खेळत राहतो, आणि त्याचं बळ आधी साठवलेलं नसून लढता लढता मिळवलेलं असतं.

खजिन्याचा प्रश्न लोक विसरतात. सगळ्यांना तलवारी, कवचं, अंगठ्या; मल्लाला काय? ‘मुठीवरचं जादूचं कडं’ हा मला आळशी तोडगा वाटतो. त्यापेक्षा डाव हाच खजिना करा. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, हे आपल्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तो डाव मिळवायला काहीतरी करावं लागावं: वस्तादाचा जुना वैरी शोधणं, जत्रेच्या फडात एखाद्या नामांकित मल्लाला चीत करणं, मेलेल्या गुरूच्या भुताशी हात मिळवणं. १९७८ च्या नियमांत वरच्या लेव्हलच्या मंकांना जागाच मोजक्या होत्या आणि चढायचं तर तिथे बसलेल्याला द्वंद्वात हरवावं लागे. लेव्हल अडवून ठेवणं टेबलावर त्रासाचं होतं, पण द्वंद्वातून वर जाण्याची ती कल्पना डावांना चपखल बसते.

मोठे प्राणी ही कुस्तीची खरी अडचण. नियमांप्रमाणे आपल्यापेक्षा एकच आकार मोठा असलेल्याला पकडता येतं. ड्रॅगनला पट काढू म्हटलं तर टेबल हसणारच. इथे मलखांब कामी येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरच्या बाळंभटदादा देवधरांनी ज्याला ऊर्जितावस्था आणली, तोच. ज्याला उचलता येत नाही त्याच्यावर चढायचं. मल्लाने प्रचंड शत्रूवर कब्जा मिळवला की शत्रू थांबत नाही, उलट मल्ल त्याच्या अंगावर जातो, अढी मारून चिकटतो. शत्रू हलेल तसा तोही हलतो. त्याला झटकायला शत्रूची एक अख्खी अॅक्शन खर्ची पडते, आणि तीच मल्लाची कमाई. डावांचे अर्थ इथे बदलतात: पट म्हणजे डोळ्यावर माती, ढाक म्हणजे पंखाचा सांधा पिरगाळणं. मलखांबाचा हा उपवर्ग तिसऱ्या लेव्हलला द्या. मोठे राक्षस फार आणणार असाल तर त्याचा पाया मूळ क्लासमध्येच ठेवा.

आणखी दोन उपवर्ग गोव्याच्या मातीतून निघतात. एक घोडेमोडणीचा. शिगम्यात सत्तरी-डिचोलीकडे कमरेला घोडा बांधून, हातात तलवार घेऊन, ढोल-ताशावर पुढे-मागे पावलं टाकणारे गडी तुम्ही लहानपणापासून पाहिले असतील. तो चालता उपवर्ग: नाणं ठेवलेल्या शत्रूपासून दूर गेलात तरी कब्जा सुटत नाही, मात्र पुढच्या पाळीत परत त्याच्यावर चालून जावंच लागतं. वेग आणि मार यांचं २००० सालचं भांडण इथे मिटतं, कारण हालचाल हाच चढणीचा भाग होतो. दुसरा शस्त्राचा, आणि त्यात घरातल्या व रानातल्या वस्तू घ्या: चांदोर गावच्या खेळात नाचवतात तसं मुसळ, कोयता, वल्हं. एक शस्त्र मी कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळातून उसनं घेईन, ते म्हणजे विटा, दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि ओढून घ्यायचा.

गोव्यातल्या साखळी गावी चैत्रात निघणाऱ्या वीरभद्राचा उपवर्ग करावा का, असंही कुणीतरी विचारेलच. दोन्ही हातांत तलवारी, अंगात आवेश, मोह होतो खरा. मी करणार नाही. ते लोकांचं चालू दैवत आहे, त्याला ‘राउंडला एकदा, सहा बाजूंचा फासा’ असं लिहिताना हात अडखळायला हवा. पावलं घ्या, ठेका घ्या, देव देवळात राहू दे. तुमच्या राज्यात स्वतःचे देव असतीलच, त्यांच्यावर हवं ते लादा.

चाचणीसाठी तीन लढाया पुरतात, पाचव्या लेव्हलच्या: दहा-बारा फुटकळ शत्रू, एक प्रचंड शत्रू, आणि एक उडणारा. क्लास तुम्ही लिहिलात म्हणून मल्ल तुम्ही खेळू नका. ज्याने नियम वाचलेले नाहीत अशाला द्या आणि तो दर पाळीला कागद किती वेळा शोधतो तेवढं बघा. तिसऱ्या पाळीनंतरही शोधत असेल तर डाव कमी करा. बाकीच्यांच्या पाळ्यांपेक्षा मल्लाची पाळी रेंगाळत असेल तर सलामीचा अंदाज सांगणं गेम मास्टरने आटोपशीर करावं, आर्मर क्लासचा आकडा सांगून मोकळं व्हावं. उडणाऱ्या शत्रूपुढे तो हात चोळत बसेल, हे जवळजवळ नक्की. तेव्हा विटा फक्त शस्त्राच्या उपवर्गाला न ठेवता पहिल्या लेव्हलपासून सगळ्या मल्लांना द्या. तीस फुटांची दोरी, लागला तर अंदाज बसतो, आणि दुसरा फटका लागला तर कब्जा नाही, शत्रू दहा फूट खाली ओढला जातो.